बुडापेस्टमार्गे

"पण मावशी, ऋतिकाताई फेब्रुवारीत येऊन गेली ना? मग एवढ्यात तुम्ही कशाला निघालात तिकडे?" दिपमाला हे अगदी सहज म्हणाली. तिची नजर संगणकाच्या पडद्यावर होती, बोटं तारखा पुढेमागे सरकवत होती, आणि बाहेर आग्रा रोडवर कुठल्याशा सेलचा भोंगा ओरडत होता. सविताला आधी वाटलं, ही दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय. "फेब्रुवारीत?" तिनं विचारलं. "रूपाच्या लग्नाला नाही का, नाशिकला! रूपा माझी मामेबहीण. पुण्याला या दोघी एकाच खोलीत राहायच्या ना? थांबा, फोटो आहे माझ्याकडे." आणि दिपमालाने मोबाइल समोर धरला. गर्द हिरव्या साडीतली एक मुलगी, केस मानेपर्यंत कापलेले, हातात कागदी कप, मान मागे टाकून हसतेय. डोळे मिटलेले. इतकी हसतेय की कपातलं काहीतरी साडीवर सांडतंय आणि तिला त्याचं भान नाही. सविताने आधी साडी पाहिली, मग कप पाहिला, आणि मग हळूहळू, नको नको म्हणत असल्यासारखी, आपल्या मुलीच्या चेहऱ्याकडे आली. शेजारी कुणाचा तरी खांदा होता, फिकट रंगाच्या कुडत्यातला. बाकीचा माणूस चौकटीबाहेर राहिला होता. "हो हो," सविता म्हणाली, "येऊन गेली की. घाईत होती फार." आपल्या तोंडातून हे इतकं सरळ कसं बाहेर पडलं, याचं तिला नंतर बसमध्ये नवल वाटत राहिलं. "हा फोटो मला पाठवशील? माझ्याकडचे उडाले सगळे."

ती धुळ्याला आली होती ते पेन्शनच्या बँकेत हयातीचा दाखला द्यायला. इथल्या सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये तिची नोकरी झाली, खातं इथंच राहिलं, आणि दर नोव्हेंबरात जळगावहून येऊन आपण जिवंत आहोत अशी सही करायची हा रिवाज पडला. सही झाली की लॅबमधल्या जुन्या मैत्रिणीच्या, कुंदाबाईच्या सुनेकडे, म्हणजे तिकिटं काढून देणाऱ्या या दिपमालाकडे, चहाला टेकायचं आणि युरोपच्या तिकिटांचं विचारायचं. आजही तेच विचारलं होतं. "हे बघा, येत्या फेब्रुवारीचा पहिला आठवडा," दिपमाला आता उत्साहात सांगत होती. "मुंबई ते बुडापेस्ट, मध्ये इस्तंबूल. मंगळवारचं. तिथून व्हिएन्ना रेल्वेनं अडीच-तीन तास. एवढं स्वस्त तर मी दोन वर्षांत बघितलं नाही. ताईला फक्त निमंत्रणाचं पत्र पाठवायला सांगा, व्हिसाला लागेल. करून टाकू?" सविताने पर्स उघडली, त्यात काहीच शोधायचं नसताना थोडा वेळ हात फिरवला आणि बंद केली. "काकांना विचारून सांगते," ती म्हणाली. चहाचा कप तिनं पूर्ण संपवला. चहा उरला तर दिपमाला काहीतरी ओळखेल असं तिला वाटलं.

बसमध्ये खिडकी मिळाली. पारोळ्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कापूस फुटला होता आणि वेचणाऱ्या बाया वाकून एका ओळीत सरकत होत्या. सविता बघत होती पण तिला दिसत होता तो खांदा. फेब्रुवारी. फेब्रुवारीत आपण काय करत होतो? फेब्रुवारीत ऋतिका म्हणाली होती, ऑफिसच्या कामाला डोंगरात चाललेय, तिथं नेट नसतं, चेहरा दिसणार नाही, नुसता आवाज येईल. आणि एका दुपारी आवाज आला होता. एरवी आपण बोललो की पलीकडून उत्तर यायला एक क्षण जायचा, त्या क्षणात दोघीही एकदम बोलायला लागायच्या आणि मग 'तू बोल, तू बोल' व्हायचं. त्या दिवशी तो क्षण नव्हता. शब्दाला शब्द लागून येत होता. "अगं, आज किती जवळून ऐकू येतंय!" सविता आनंदाने म्हणाली होती. त्यावर ऋतिका एवढंच म्हणाली होती, "हो का." नाशिक. धुळ्यापासून सकाळी निघालं तर जेवायला पोचावं इतकं नाशिक. सविताला एकदम घाम फुटला. पदराने तिनं मान पुसली. शेजारच्या बाईने विचारलं, "मळमळी ऱ्हायनं का बाई? लिंबू दिऊ?" सविता नको म्हणाली आणि मग, त्या बाईला वाईट वाटू नये म्हणून, घेतलं. लिंबू हातात धरून ती एरंडोलपर्यंत बसून राहिली.

चार वर्षं तिकिटं महाग होती. सुरुवातीला खरोखरच होती. ऋतिका व्हिएन्नाला गेली, एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागली, पहिली दोन वर्षं दिवाळीला येऊन गेली, आणि मग म्हणाली, आता तुम्हीच या. सविताच्या नवऱ्याने, अमृतने, त्याच आठवड्यात दोन सुटकेसी आणल्या. मग ऋतिका म्हणाली, उन्हाळ्यात नका येऊ, तेव्हा सगळं जग इकडे येतं, नोव्हेंबरात स्वस्त पडेल. नोव्हेंबरात म्हणाली, आता नाताळ तोंडावर आला, जानेवारी संपताना बघू. जानेवारीत थंडी होती, बाबांना सोसली नसती. मार्चमध्ये तिची घरबदल. एप्रिलपासून पुन्हा भाडी चढायची. या सगळ्यात कुठे खोट दिसत नव्हती, कारण प्रत्येक गोष्ट खरीच होती. सविता स्वतः मोबाइलवर पाहत होती, भाडं ऋतिका म्हणेल तसं चढत होतं, ऋतिका म्हणेल तसं उतरत होतं. अमृतला तर त्याचा नादच लागला. आयुष्यभर भुसावळच्या लोको शेडमध्ये इंजिनं उघडली-मिटवली, पण स्वतः कधी लांब गेला नाही. आता त्याला दोहामार्गे काय, अबुधाबीमार्गे काय, अहमदाबादहून निघालं तर काय, सगळं तोंडपाठ. डोळ्यांनी वाचता येईनासं झालं तसा तो सकाळी चहाबरोबर सविताकडून वाचून घ्यायला लागला. "वाच," म्हणायचा, आणि मान तिरपी करून ऐकायचा, लोक रेडिओवरच्या बातम्या ऐकत तसा. बुडापेस्टचा मार्ग त्यानेच शोधलेला. पुढे रेल्वे आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला होता. "म्हणजे डॅन्यूबच्या काठानं जाईल गाडी," तो म्हणाला होता, "तू खिडकीशी बस, मला सांगत राहा."

कारण त्याला काचबिंदू होता. उशिरा कळला. कडेचं दिसणं गेलं होतं, मधलं उरलं होतं. एखाद्या नळीतून पाहावं तसं. डॉक्टरांनी थेंब दिले, ऑपरेशन झालं, आणि मागच्या खेपेला ते म्हणाले, आहे ते टिकवायचं बघू, पण नळी बारीक होत जाणार. "काका, जे बघायचं राहिलंय ते बघून घ्या," असंही म्हणाले, चांगल्या मनाने. रिक्षात बसल्यावर अमृतने एवढंच विचारलं, "नोव्हेंबरातलं भाडं कधी उघडतं गं?"

पण काय झालं होतं? सविता बसमध्ये बसून एकेक वर्ष उलगडत गेली, लॅबमध्ये काचपट्टी भिंगाखाली सरकवावी तशी, एक कोपरा सुटू न देता. कधी हात उगारला नव्हता. कुठली आवड मोडली नव्हती. आर्किटेक्ट व्हायचं म्हणाली, हो म्हटलं. कुणाशी लग्न करायचं, करायचं की नाही, कधी विषय काढला नाही. अमृत आठवडाभर भुसावळला क्वार्टरमध्ये असायचा आणि सुट्टीच्या दिवशी धुळ्याला घरी यायचा. आला की पोरीसमोर स्टूल घेऊन बसायचा. ती अभ्यास करी, हा बघे. ती जेवे, हा बघे. ती केस विंचरे, हा बघे. "काय बघता बाबा?" "काही नाही गं. आठवडाभराचं बघून घेतो." सविता हसायची. उरलेले सहा दिवस सविता स्वतः बघायची. पोरीचा श्वास जरा वेगळा लागला तरी तिला शेजारच्या खोलीत कळायचं. कुठल्या मैत्रिणीशी बिनसलं हे पोरीने सांगण्याआधी तिच्या चालण्यावरून ओळखायची आणि विचारायची, आणि पोर चकित होऊन तिच्याकडे पाहायची. तेव्हा वाटलं होतं, ते कौतुक आहे. व्हिएन्नाला गेल्यावर पहिल्याच महिन्यात ऋतिका फोनवर म्हणाली होती, "इथं ट्राममध्ये कुणी कुणाकडे बघत नाही आई. किती छान वाटतं म्हणून सांगू!" सविताने ते त्या देशाच्या चांगुलपणात धरलं होतं. अमृतला सांगितलंही होतं, लोक सभ्य आहेत म्हणून.

जळगावात मेहरूणला घरी पोचली तेव्हा अमृत व्हरांड्यात बसला होता. पावलांवरून त्याने ओळखलं. "सही झाली? शेस ना अजून जिवंत?" दरवर्षीचा विनोद. मग लगेच, "काय म्हणे दिपमाला?" सविता म्हणाली, "पाहतेय म्हणाली." "बुडापेस्टचं विचारलं का?" "विचारलं." अमृतने मान तिच्याकडे वळवली. त्या नळीत तिला पकडायला त्याला आता थोडा वेळ लागे. आधी खांदा सापडे, मग हनुवटी. तो वेळ मिळाला म्हणून सविताला चेहरा नीट करता आला. "दमलीस," तो म्हणाला. "हो," ती म्हणाली, आणि आत जाऊन ओट्यावर लिंबू ठेवलं.

दुसऱ्या दिवशी भाजी आणायला म्हणून निघाली आणि मेहरूणच्या तलावावर गेली. ऊन चढलं होतं, व्यायामाला येणारे लोक केव्हाच परतले होते. कठड्यालगतच्या बाकावर बसून तिनं फोन लावला. तिकडे सकाळ होती. ऋतिकाने उचलला तेव्हा मागे काहीतरी उकळत असल्याचा आवाज होता. "आई? बाबा बरे आहेत ना?" पहिला प्रश्न हा. सविता ठरवून आणलेलं सगळं विसरली. ती म्हणाली, "हिरवी साडी चांगली दिसते तुला."

पलीकडे तो एक क्षण गेला. मग आणखी गेला. उकळणारं काहीतरी कुणीतरी बंद केलं.

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. फोटो पाहिला."

"आई, मी निघाले होते." ऋतिकाचा आवाज अगदी लहान झाला होता. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. नाशिकहून जळगावच्या बसमध्ये बसले होते. म्हटलं न सांगता जाऊ, दारात उभी राहू. चांदवड येईपर्यंत मला श्वासच घेता येईना. खोटं सांगत नाहीये. हातपाय गार पडले. कंडक्टरने उतरवलं, पाणी दिलं. मी स्टँडवर बसून राहिले. जळगावच्या दोन गाड्या गेल्या समोरून."

"आम्ही काय केलं तुला?" सविताला हे असं विचारायचं नव्हतं. तिला रागवायचं होतं.

"काहीच नाही. तेच तर. काही केलं असतं तर मला सांगता आलं असतं ना! मी इथे एका डॉक्टर बाईकडे जाते, ती पण हेच विचारते, काय केलं त्यांनी? मी म्हणते, प्रेम केलं. मग मलाच रडू येतं आणि मलाच लाज वाटते."

"बाबांचे डोळे—"

"माहीत आहे मला." ऋतिका एकदम ओरडली. "रोज माहीत असतं. ते मला शेवटचं बघून घ्यायला येणार आहेत आई. समोर बसतील आणि बघतील. मी कशी उभी राहू त्यांच्यासमोर? किती वेळ उभी राहू?" मग थांबली. नाक ओढल्याचा आवाज आला. आणि ती वेगळ्याच, सरळ, दमलेल्या आवाजात म्हणाली, "मी पत्र पाठवते. आजच पाठवते. या तुम्ही फेब्रुवारीत. मी करेन नीट सगळं. खरंच करेन."

तलावात एक माणूस म्हशी धूत होता. म्हशीच्या पाठीवर हात फिरवत होता, पाणी उडवत होता, आणि म्हैस डोळे मिटून उभी होती. सविताला हो म्हणायचं होतं. एक शब्द. मंगळवारचं तिकीट, इस्तंबूल, बुडापेस्ट, डॅन्यूबच्या काठाची गाडी, स्टेशनवर उभी ऋतिका, आणि तिच्यासमोर, नळीतून तिला शोधत असलेला अमृत. आधी खांदा, मग हनुवटी. पोर हसत उभी राहिली असती. नीट केलं असतं तिनं सगळं. आणि तिच्या श्वासावरून सविताला दारातच सगळं कळलं असतं. ते आपल्याला कळल्याचं पोरीलाही कळलं असतं. मग महिनाभर तिघंही त्या घरात, एकमेकांना बघत.

"नको पाठवू," सविता म्हणाली.

"आई—"

"नको. आणि आता भाडं महाग आहे, थंडी आहे, हेही नको सांगत जाऊस. मी बघते बाबांचं. तुला जेव्हा वाटेल तेव्हा बोलव. नाही वाटलं तर नको." ऋतिका रडत होती. सविताने फोन कानाशी तसाच धरून ठेवला. तिला आठवलं की लहानपणी ही रडायला लागली की आपण लगेच विचारायचो, काय झालं, कुठे दुखतंय, कोण बोललं. आता तिने काही विचारलं नाही. बराच वेळ नुसती ऐकत बसली, आणि मग ऋतिकानेच "ठेवते" म्हणून फोन ठेवला.

भाजी न घेताच ती घरी आली. अमृतला तिनं सांगून टाकलं. सगळं, नाशिक, चांदवड, श्वास, पत्र. आपण नको म्हणाल्याचंही. तो व्हरांड्यात खुर्चीवर होता, ती पायरीवर बसली होती, आणि सांगताना ती समोरच्या गेटकडे पाहत होती. सांगून संपलं तेव्हा म्हणाला, "ती देत होती पत्र?"

"हो."

"आणि तू नको म्हणालीस."

"हो."

"माझे डोळे ते," अमृत म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण खुर्चीचे हात त्याने घट्ट धरले होते. "तुझे नाहीत. तू बघशील अजून वीस वर्षं. माले इचारं का तू? एक डाव तरी इचारं का?" लग्नाला एवढी वर्षं झाली पण शिंदखेड्याची, त्याच्या आईची बोली त्याच्या तोंडी फार रागात किंवा फार लाडातच यायची. "एक महिना नको, आठ दिवस गेलो असतो. लांब बसलो असतो. मला काय त्रास द्यायचा होता तिला?" तो उठला, भिंतीला हात लावत आत गेला, आणि ती पायरीवर बसून राहिली. आतून काही पडल्याचा आवाज आला नाही, रडल्याचा आला नाही. ऊन पायरीवरून उतरून अंगणात गेलं. शेजारच्या गच्चीवर कुणी बाई वाळत घातलेले कपडे काढून गेली. सविताला वाटलं, आपण एकीला सोडवलं आणि दुसऱ्याला कोंडलं. आणि हे दोन्ही आपण एकाच शब्दाने केलं, आणि तो शब्द बरोबर होता की चूक हे आता कुठलंही भिंग लावून दिसणार नाही. तिला पोरीचा रागही आला, पहिल्यांदाच, लख्ख. आणि येता येताच तो ओसरला, कारण चांदवडच्या स्टँडवर पाण्याची बाटली घेऊन बसलेली, समोरून जळगावची गाडी जाताना पाहणारी ती तिला दिसली, आणि तिथे तिच्याजवळ कुणी नव्हतं.

संध्याकाळी दिपमालाचा फोन आला. "मावशी, ते भाडं अजून तसंच आहे, पण उद्यापर्यंत राहील का सांगता येत नाही." सविता म्हणाली, "राहू दे गं. या वर्षी नाही जमणार." तिने हे मोठ्याने, आत ऐकू जाईल असं म्हटलं. मग दिवा लावून आत गेली. अमृत पलंगावर भिंतीला टेकून बसला होता. त्याने चष्मा लावला होता, म्हणजे त्याला काहीतरी बघायचं होतं.

"फोटो शे म्हनत होती ना तू," तो म्हणाला. "दाखव."

तिने मोबाइल त्याच्या हातात दिला. त्याने तो डोळ्यांपाशी नेला, मग लांब केला, मग अंतर सापडलं तसा हळूहळू फोटोवरून नजर फिरवू लागला. एका वेळी एकच तुकडा त्याला दिसत होता. "हे काय, कप?" "हो. चहा असेल." "सांडतोय." "हो." "साडी कोणती?" "हिरवी. गर्द. काठ बारीक." "तुझी?" "नाही. तिचीच असेल. नाहीतर रूपाची." तो वर सरकला. "केस कापले," तो स्वतःशी म्हणाला. मग कानापाशी बराच वेळ थांबला. मग गालाकडे आला. मग एकदम सगळे दात त्याच्या नळीत आले असावेत, कारण त्याचे स्वतःचे ओठ थोडे उघडले. सविता त्याच्याकडे पाहत होती आणि तिने पाहणं थांबवलं. खिडकीबाहेर नजर नेली. तलावापलीकडे दिवे लागत होते. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता, तोही न ऐकण्याचा तिने प्रयत्न केला.

"अशी ती आपल्यासमोर कधी हसली का गं?" अमृतने विचारलं.

सविता म्हणाली, "नाही."

त्याने मोबाइल किंचित डावीकडे सरकवला. त्या खांद्यावर आला. फिकट कुडत्याची शिवण, आणि पुढे काही नाही, फोटोची कड. तो पुन्हा पुन्हा तिथे जाऊन थांबत होता, अंगठ्याने पडदा सरकवून बघत होता, जणू आणखी थोडं सरकवलं तर कडेपलीकडचं येईल.

"कोण असेल हा?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता. "कोण हसवत असेल हिला एवढं?"